निरोण्याची घंटा

मागच्या हिवाळ्यात एका सहल कंपनीबरोबर आम्ही अठ्ठावीस जण कच्छला गेलो होतो. त्या सहलीतला तिसरा दिवस मला अजून तासातासाने आठवतो, आणि त्याचे श्रेय मी संध्याकाळी पाहिलेल्या पांढऱ्या रणापेक्षा निरोणा आणि होडको या दोन गावांना, तसेच ती गावे नेमक्या याच क्रमाने दाखवणाऱ्या आमच्या गाईडना देते. ते भूजचेच रहिवासी होते आणि आम्ही सगळे त्यांना भाई म्हणत होतो.

भूजपासून निरोणा सुमारे ४० किलोमीटरवर आहे. छापील कार्यक्रमात या गावासाठी पाऊणच तास ठेवलेला होता, पण बसमधून उतरण्याआधीच भाईंनी सांगितले, “खरेदी उद्या भूजमध्येही होईल. इथे आधी बसून बघा.” त्याप्रमाणे आम्ही रोगन कलेच्या कारागिरांसमोर सतरंजीवर बसलो. रोगन म्हणजे फारसीत तेल. एरंडेल बराच काळ उकळत ठेवून त्याचा घट्ट, चिकट लगदा करतात आणि त्यात रंग खलतात. कारागीर तो रंग डाव्या तळहातावर घेऊन लोखंडी सळईने मळतो, त्याचा केसासारखा बारीक धागा ओढतो आणि सळई कापडाला न टेकवता तो धागा हवेतूनच कापडावर उतरवतो. अर्धी नक्षी झाली की कापड दुमडून दाबतात आणि दुसऱ्या बाजूला तिचा जुळा ठसा उमटतो. या गावातले अब्दुलगफूर खत्री यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. एकेकाळी आसपासच्या पशुपालक समाजांतील नववधूंच्या घागऱ्यांवर हे काम होत असे आणि स्वस्त छापील कापड आल्यावर ते मागे पडले, हे ऐकल्यावर भिंतीवरच्या चौकटीतला रोगनचा कल्पवृक्ष पाहताना मला आनंदाबरोबर थोडी हुरहुरही वाटली. लाखेने रंगवलेले लाकडी चमचे आणि लाटणी करणाऱ्या वाढा कुटुंबाकडे मात्र आम्ही धावतीच भेट दिली.

मी खरी रमले ती लोहारांच्या अंगणात. तिथे भंगारातल्या लोखंडी पत्र्यापासून जनावरांच्या गळ्यातल्या घंटा घडवतात. पत्र्याचे तुकडे ठोकून एकमेकांत असे अडकवतात की कुठेही डाग द्यावा लागत नाही. मग मातीच्या पाण्यात बुडवून वर तांब्याची पूड लावतात आणि ओल्या माती-कापसात गुंडाळून भट्टीत भाजतात. शेवटी आत लाकडी लोलक बसवतात. इथपर्यंतचे काम डोळ्यांचे आणि हाताचे असते, पण पुढचे सगळे कानाचे. कारागिराने घंटा कानाजवळ वाजवली, काठावर हलकासा घाव घातला, पुन्हा वाजवली, मान हलवली आणि आणखी दोन घाव घातले. तिसऱ्या वेळी तो फुटका, बसका आवाज जाऊन स्वच्छ नाद आला, तेव्हा आमच्यातल्या सत्तरीच्या काकूंनी नकळत हात जोडले. मी एक लहान घंटा घेतली. आम्ही गावातून निघालो तेव्हा तिथे येऊन दोन तास झाले होते. भाईंनी सगळ्यांना विचारून वाटेवरचा मोठ्या दुकानातला थांबा रद्द केला आणि एकानेही तक्रार केली नाही. सहली आखणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी दुकानांचे तास कमी करून ते अशा अंगणांना द्यावेत.

दुपारी आम्ही बन्नीच्या गवताळ प्रदेशातल्या होडकोला पोहोचलो. ‘भुंगा’ म्हणतात त्या मातीच्या गोल घरात, आरसे बसवलेल्या लिंपणाच्या भिंतीशी बसून आम्ही बाजरीची भाकरी, लोणी आणि ताक असे जेवलो. २००१ च्या भूकंपात अशा गोल घरांनी चांगलाच तग धरला होता, हे भाईंनी तिथेच सांगितले. जेवणानंतर घरातल्या आजोबांनी म्हशींचा विषय काढला. बन्नीच्या म्हशी रात्री चरायला जातात आणि सकाळी आपणहून परत येतात. अंधारात आपले जनावर कुठे आहे हे घंटेच्या नादावरून कळते, म्हणून प्रत्येक मालक आपल्या कानाला ओळखीचा नाद निवडून घेतो. सकाळी त्या लोहाराने एवढ्याशा फरकासाठी पुन्हा पुन्हा घाव का घातले होते, याचा उलगडा मला त्या क्षणी झाला.

निघताना मी पिशवी उचलली आणि आतली घंटा वाजली. आजोबा आमच्याकडे पाठ करून चहा ओतत होते. ते न वळताच कच्छीत काही बोलले आणि भाईंनी आम्हाला त्याचा अर्थ सांगितला : “हे बकरीचे माप आहे, निरोण्याचे.” मी घंटा त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती एकदा कानाशी हलवली, जिथे घाव बसले होते त्या काठावरून अंगठा फिरवला आणि लोलक बोटाने धरून, आवाज न होऊ देता, ती माझ्या ओंजळीत ठेवली.