बर्सर्क : कथेचा पहिला श्रोता

केंतारो मिउरा यांचे ६ मे २०२१ रोजी महाधमनीच्या तीव्र विकाराने निधन झाले, तेव्हा ते ५४ वर्षांचे होते आणि ‘बर्सर्क’ ही त्यांची मांगा (म्हणजे जपानी चित्रकथा) मालिका अपूर्ण होती. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या कथेचे कित्येक वाचक तिच्याबरोबर प्रौढ झाले होते. त्यांनी दोन आठवड्यांनी जाहीर झालेली ती बातमी वाचली, तेव्हा त्यांच्या मनात एकाच वेळी दोन दुःखे उभी राहिली. एक होते माणूस गेल्याचे आणि दुसरे गोष्ट अर्धवट राहिल्याचे. दुसऱ्या दुःखाबद्दल बोलणे त्या दिवसांत अनेकांना स्वार्थीपणाचे वाटले, तरी मला ते तसे वाटत नाही. एखाद्या लेखकाच्या कथेचा शेवट कळावा अशी तळमळ असणे हा त्याच्या कामाचा मानच आहे.

ज्यांनी ही मालिका वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मध्ययुगीन युरोपची आठवण करून देणाऱ्या जगात गट्स नावाचा भाडोत्री सैनिक माणसाच्या उंचीपेक्षा मोठी तलवार घेऊन राक्षसांचा पाठलाग करत असतो. पहिले खंड वाचताना ही निव्वळ रक्तपाताची सूडकथा वाटते आणि ते खंड आजही मला कच्चे वाटतात. तिसऱ्या खंडाच्या अखेरीस मात्र कथा मागे वळते आणि चौदाव्या खंडापर्यंत गट्सच्या तारुण्याची हकिगत सांगते. ससाण्यांच्या टोळीचा तेजस्वी, महत्त्वाकांक्षी नायक ग्रिफिथ, त्याच टोळीतली सेनानी कास्का आणि या दोघांमध्ये आपली जागा शोधणारा गट्स यांची मैत्री मिउरा इतक्या सावकाश, इतक्या आपुलकीने रंगवतात की तिचा शेवट ग्रहणाच्या रात्री होतो तेव्हा वाचक हादरून जातो. स्वतःच्या स्वप्नासाठी ग्रिफिथ आपल्याच सोबत्यांचा बळी देतो. आधी इतकी पाने हसण्यात, भांडणात, शेकोटीभोवतीच्या गप्पांत गेली नसती, तर त्या रात्रीचा अर्थ लागला नसता.

चित्रांबद्दल लिहिल्याशिवाय वाचकांचा प्रतिसाद समजणार नाही. मिउरा एकेका पानावर रेघांची अशी दाट वीण घालत की चिलखताचा प्रत्येक पत्रा, जंगलातली साल, सैन्याच्या मागच्या रांगेतला भाला स्वतंत्रपणे दिसावा. हे काम वेळखाऊ होते. ‘यंग ॲनिमल’ हे पाक्षिक नियमित निघे, पण त्यात ‘बर्सर्क’चे प्रकरण असेलच असे नसे, आणि पुढेपुढे विश्रांतीचे काळ महिन्यांवर गेले. कथेतली मंडळी बोटीतून प्रवासाला निघाली आणि वाचकांच्या हिशेबाने तो प्रवास वर्षानुवर्षे चालला. ‘गट्स अजून बोटीतच आहे का?’ हा प्रश्न जगभरच्या चाहत्यांमध्ये थट्टेचा विषय झाला. त्या थट्टेत अधीरता होती, पण पाने उरकून टाका अशी मागणी कोणी मनापासून केली नाही, कारण उरकलेले पान कोणालाच नको होते.

एका बाबतीत वाचकांची तक्रार थट्टेपलीकडची होती आणि ती मला रास्त वाटते. ग्रहणाच्या रात्री कास्कावर बलात्कार होतो आणि ती मनाने हरवते. टोळीतली सर्वांत कणखर स्त्री त्यानंतर लहान मुलासारखी इतरांच्या आधाराने वावरते, आणि प्रकाशनाच्या काळात मोजले तर ही अवस्था वीस वर्षांहून अधिक टिकली. स्त्रीवरच्या अत्याचाराचा उपयोग पुरुषाच्या क्रोधाला इंधन म्हणून केला गेला, हा आक्षेप त्यामुळे वारंवार घेतला गेला. तो पुसून टाकता येत नाही. परंतु २०१८ मध्ये कास्का शुद्धीवर आली, तेव्हा मिउरांनी सोपा मार्ग घेतला नाही. तिला गट्स आठवतो, त्याला भेटावेसेही वाटते, पण त्याला समोर पाहताच ती रात्र तिच्यावर कोसळते आणि ती किंचाळू लागते. जखम भरली म्हणून आठवण नाहीशी होत नाही, हे लेखकाला ठाऊक होते. ज्या वाचकांनी स्वतः काही सोसले होते, त्यांना हीच पाने जवळची वाटली.

निधनाच्या बातमीनंतर ‘फायनल फँटसी १४’ या ऑनलाइन खेळातल्या कितीतरी खेळाडूंनी मोठी तलवार बाळगणाऱ्या काळ्या योद्ध्याचे रूप घेतले आणि त्या आभासी शहरांच्या रस्त्यांवर ते दुतर्फा रांगा लावून स्तब्ध उभे राहिले. हे कोणी आयोजित केलेले शासकीय सोहळ्यासारखे काही नव्हते. एकमेकांची भाषा न समजणाऱ्या माणसांना शोक व्यक्त करायला गट्सची तलवार पुरेशी होती.

सप्टेंबर २०२१ मध्ये ३६४ वे प्रकरण प्रसिद्ध झाले. ते मिउरांच्या निधनानंतर त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्ण केले होते. बऱ्याच जणांनी तेथेच मालिका संपली असे धरले आणि ती तशीच राहू द्यावी असेही म्हटले. मग जून २०२२ मध्ये जाहीर झाले की मिउरांचे सहकारी, म्हणजे स्टुडिओ गागा, पुढची प्रकरणे काढतील आणि त्यांच्यावर देखरेख कोजी मोरी यांची असेल. मोरी स्वतः मांगाकार आहेत, पण येथे त्यांचे महत्त्व निराळे आहे. ते मिउरांचे शाळेपासूनचे मित्र होते. त्यांनी वाचकांना लिहिलेल्या पत्रात सांगितले की जवळजवळ तीस वर्षांपूर्वी, ग्रहणाचा प्रसंग रचला जात असताना, मिउरांनी त्यांना बोलावून घेतले, आठवडाभर दोघांनी चर्चा केली आणि त्या चर्चेत कथेचा शेवटपर्यंतचा आराखडा मोरींना समजला. मिउरांनी जे सांगितले तेवढेच आपण देऊ, स्वतःची भर घालणार नाही, जे नीट आठवत नाही ते लिहिणार नाही, असे वचनही त्यांनी दिले.

मला या वचनात या मालिकेच्या वाचकपणाचे सर्वांत प्रामाणिक रूप दिसते. मोरी वारसदार म्हणून उभे राहिले नाहीत. ज्याने ही गोष्ट सर्वांआधी ऐकली तो श्रोता म्हणून ते उभे राहिले आणि स्मरणाच्या मर्यादा त्यांनी आधीच कबूल केल्या. ससाण्यांच्या टोळीतल्या सोबत्यांच्या नात्यांमागे आपल्या शाळकरी मित्रमंडळींचा अनुभव आहे, असे मिउरांनी सांगितले होते. अशा कथेचा उरलेला भाग त्याच मंडळींपैकी एकाच्या आठवणीतून पुढे यावा, हे मला योग्य वाटते.

त्यानंतरच्या प्रकरणांविषयी वाचकांत एकमत नाही. चित्रे आश्चर्य वाटावे इतकी मूळ हाताच्या जवळ आहेत, कारण ती काढणाऱ्यांनी मिउरांच्या शेजारी बसूनच काम केले होते. उणीव जाणवते ती संवादांत. प्रसंग घडतात, पण त्यांच्या भोवतीचे रेंगाळणे, दोन पात्रांनी विनाकारण एकमेकांना छेडणे, कोणाचा तरी मनातल्या मनात चाललेला वाद, हे कमी झाले आहे. काहींना हा कोरडेपणा वाटतो आणि त्यांनी वाचणे थांबवले आहे. मला मात्र असे वाटते की मोरींना जे आठवत नाही ते त्यांनी रचले नाही, म्हणून तेथे शांतता आहे. कास्काला ग्रिफिथ घेऊन गेल्यावर गट्सचा धीर सुटतो आणि तो पानेच्या पाने जवळजवळ काहीच बोलत नाही, तेव्हा त्या रिकाम्या चौकटींत मिउरांनी कोणते शब्द घातले असते याचा विचार प्रत्येक वाचक आपापल्या परीने करतो. मीही करतो, आणि तरीही नवे प्रकरण आले की वाचतो.