दोन मीटरचे अंतर

गॅलापागोसच्या आठ दिवसांच्या बोटसफरीतले सात दिवस मी एका वाक्यात सांगू शकेन: समुद्रसिंह सगळीकडे होते आणि मला बोट लागत होती. एस्पान्योला बेटावरचा दिवस मात्र असा उरकता येत नाही, कारण त्या दिवशी मी एका नियमावर मनापासून चिडले, आणि तो नियम योग्य आहे हे मला चिडतानाही ठाऊक होते.

एस्पान्योला म्हणजे इक्वेडोरच्या या द्वीपसमूहाचे आग्नेय टोक. उघड्या समुद्राने रात्रभर असे हिंदकळवले होते की सकाळी पांग्यात, म्हणजे किनाऱ्यावर नेणाऱ्या रबरी होडीत बसताना पक्ष्यांपेक्षा मला स्थिर जमिनीचीच ओढ अधिक होती. पुंता सुआरेझला उतरायच्या जागी समुद्रसिंह आडवे पसरले होते. त्यांना हाकलायचे नसते, त्यांच्यामधून वाट काढायची असते. एका मार्गदर्शकामागे जास्तीत जास्त १६ प्रवासी, खुणेच्या खांबांबाहेर पाऊल टाकायचे नाही आणि कोणत्याही प्राण्यापासून किमान दोन मीटर दूर राहायचे, असे राष्ट्रीय उद्यानाचे नियम आहेत. अंतर राखण्याची जबाबदारी अर्थातच एकट्या माणसाची. समुद्री इग्वाना, म्हणजे समुद्रात पोहणारे मोठे सरडे, भर वाटेवर एकमेकांच्या अंगावर ढीग करून पडलेले होते. इतर बेटांवर काळपट दिसणारा हा प्राणी येथे डिसेंबरात लाल-हिरवा होतो. मध्येच एखादा फुर्रकन शिंकतो आणि पोटात गेलेले जादा मीठ नाकपुड्यांतून पिचकारीसारखे बाहेर टाकतो. ताईच्या विजारीवर त्याचे पांढरे ठिपके दिवसभर होते.

थोडे पुढे गेल्यावर लांब, बाकदार चोचीचा एक मॉकिंगबर्ड थेट ताईच्या पाण्याच्या बाटलीवर येऊन बसला आणि झाकणावर टोचू लागला. बेटावर गोड्या पाण्याचा कायमचा साठा नाही, आणि बाटली कशासाठी असते हे या पक्ष्याला नेमके कळते. ताईने झाकण फिरवायला घेतले, तेवढ्यात आमच्या मार्गदर्शक बाईंनी मान हलवून नकार दिला. एक घोटही द्यायचा नाही, कारण मग तो माणसांच्या मागेच लागेल. बाटली पिशवीत गेली आणि पक्षी हिरमुसल्यासारखा दगडावर बसून राहिला. निदान मला तरी तसे वाटले.

कड्याजवळ नाझ्का बूबी या समुद्रपक्ष्यांची वसाहत होती. घरटे म्हणजे चार खडे आणि वाळक्या काड्या मांडलेली नुसती जमीन. वाटेपासून तीन हातांवर एक बूबी बसला होता. अंग पांढरेशुभ्र, चोचीभोवती काळा मुखवटा. त्याच्या पोटाखालून दोन पिल्ले दिसत होती, दोन्ही जवळजवळ उघडी. एकाची मान ताठ, दुसऱ्याची अजून डोलणारी. पाहता पाहता थोरल्याने धाकट्याच्या मानेचे कातडे चोचीत धरले, त्याला मागे रेटले आणि खड्यांच्या कडेपलीकडे ढकलून दिले. धाकटे उताणे पडले, कसेबसे उलटले आणि पंखांच्या जागी असलेल्या दोन काड्यांवर जोर देत परत सरकू लागले. कडेपाशी आले की थोरले पुन्हा ढकलत होते. आई की बाप, जो कोणी बसला होता, तो समुद्राकडे पाहत होता.

“अगं, उचल ना ते,” ताई मला म्हणाली, जणू मी तिच्यापेक्षा जवळ उभी होते म्हणून ते काम माझे. आणि खरे सांगायचे तर मी वाकलेही होते. मार्गदर्शक बाईंचा हात माझ्या कोपरावर आला. त्यांनी शांतपणे समजावले: नाझ्का बूबी अनेकदा दोन अंडी घालतो, दुसरे केवळ पहिले उबले नाही तर असावे म्हणून. दोन्ही उबली तर थोरले काही दिवसांतच धाकट्याला बाहेर काढते आणि आईबाप मध्ये पडत नाहीत. निळ्या पायांच्या बूबीत हे मासळी कमी पडली तरच घडते. नाझ्काच्या घरट्यात मासळी भरपूर असली तरी घडते. पिल्लू परत ठेवले तरी पुन्हा बाहेर येईल.

हे सगळे पटले आणि राग जराही कमी झाला नाही. मागे कॅमेरे टकटकत होते, त्याचाही राग आला. मग लक्षात आले की माझ्याही कॅमेऱ्यात तेच चालले होते. तेवढ्यात मॉकिंगबर्ड आला, तोच सकाळचा की दुसरा ते कळायला मार्ग नाही. धाकट्याच्या पाठीवर एक ओली जखम झाली होती. तो तिच्यावर टोचून रक्त पिऊ लागला. ताई पुढे निघून गेली.

कड्यावर अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याची उरलीसुरली मोठी पिल्ले उडण्याचा सराव करीत होती, पण मी ती धड पाहिली नाहीत. त्याऐवजी बाईंशी वाद घातला, की याच बेटावर माणसाने हात घातलाच आहे की! खलाशांनी सोडलेल्या बकऱ्यांनी बेट ओरबाडले, कासवे १४ वर आली, १२ माद्या आणि दोन नर. मग सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून डिएगो नावाचा तिसरा नर आणला, सांताक्रूझ बेटावर त्यांची पैदास केली, १९७८ पर्यंत बकऱ्या संपवल्या आणि २०२० मध्ये खुद्द डिएगोलाही येथे परत सोडले. बाई म्हणाल्या, “बकऱ्या आम्ही आणल्या होत्या. हे पिल्लू आम्ही ढकललेले नाही.”

दुपारी गार्डनर उपसागराच्या पांढऱ्या वाळूवर समुद्रसिंहाचे एक पिल्लू माझ्या बुटांपर्यंत आले. सगळे कौतुकाने पाहत राहिले. मी निमूटपणे मागे सरकत राहिले.

संध्याकाळी बोटीवर एका बेटाची माती दुसऱ्या बेटावर जाऊ नये म्हणून बूट धुण्याचा नेहमीचा कार्यक्रम झाला. खलाशाने माझ्या डाव्या तळव्याच्या खाचेत ब्रश घातला, नखाने एक बारीक, काटेरी बी उकरून काढले, दिव्याखाली धरून दोन्ही बाजूंनी पाहिले आणि चिमटीत धरून एका डबीत टाकले. मग दुसरा बूट मागितला.