पहिला घोट आणि त्यानंतरचा विचार

माझ्या मामांनी अकरा महिने दारू सोडली होती आणि एका संध्याकाळी ते पुन्हा प्याले. घरात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होते: संपले सगळे. व्यसनी माणसाच्या पोटात एक घोट गेला की त्याचा स्वतःवरचा ताबा सुटतोच, ही समजूत आमच्यात इतकी मुरलेली होती, की ती कुणी तपासून पाहिली असेल असे आमच्या मनातही आले नाही.

सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक ॲलन मार्लट यांनी ती तपासली होती. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात दारूचे व्यसन असलेल्यांना आणि बेताने पिणाऱ्यांना पेयांच्या चवीची तुलना करायला बसवले होते. प्रत्यक्षात मोजले जात होते ते कोण किती पितो हेच. काहींना पेयात व्होडका आहे असे सांगितले, काहींना फक्त टॉनिक वॉटर (कडसर चवीचे, बिनदारूचे सोड्यासारखे पेय) आहे असे सांगितले, आणि दोन्ही गटांतील निम्म्यांना सांगितले त्याच्या उलटच दिले. टॉनिकमध्ये बेताने मिसळलेली व्होडका चवीवरून ओळखू येत नाही. आपण दारू पीत आहोत असे ज्यांना वाटत होते ते जास्त प्याले, मग पेल्यात दारू असो वा नसो, आणि हे व्यसनी लोकांच्या बाबतीतही खरे ठरले. यावरून व्यसन म्हणजे नुसता मनाचा खेळ आहे असे मात्र कुणी समजू नये. फार पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली, तर शरीराचे हाल जिवावर बेतू शकतात.

मार्लट यांचा पुढचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो: पहिल्या घोटानंतर माणूस स्वतःला काय सांगतो? एवीतेवी नियम मोडलाच आहे, आपल्यात दमच नाही, असे त्याने मानले की अपराधीपणा बुडवायला तो पुन्हा पितो, आणि एका चुकीचे पूर्ववत पिण्यात रूपांतर होते. म्हणून १९८५ साली ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह संपादित केलेल्या ग्रंथात त्यांनी चुकीच्या आधीच्या प्रसंगांवर भर दिला. उदास वा चिडलेले मन, कुणाशी झालेले भांडण आणि सोबत्यांचा आग्रह, या तीन ठिकाणी पाय वारंवार घसरतो. ते प्रसंग ओळखण्याचा आणि निभावण्याचा सराव करता येतो. तलफ लाटेसारखी चढते, शिगेला पोहोचते आणि ओसरते, तेव्हा तिच्याशी झुंजण्याऐवजी ती ओसरेपर्यंत तिच्याकडे पाहत राहावे, हेही त्यांनीच शिकवले.

त्यांच्या सहकारी मेरी लॅरिमर यांच्या नेतृत्वाखालील २००९ सालच्या अभ्यासात मार्लटही होते. सिॲटलमधील बेघर, अतिशय दारू पिणाऱ्या लोकांना दारू सोडण्याची अट न घालता घर दिले गेले. वर्षभरात त्यांचे पिणे वाढण्याऐवजी कमी झाले आणि त्यांच्यावर होणारा सार्वजनिक खर्चही दरमहा, दरडोई ४,०६६ डॉलरवरून ९५८ डॉलरवर आला (हे आकडे मध्यकाचे, म्हणजे सगळ्यांचे खर्च क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या खर्चाचे आहेत). अशा कामावर व्यसनाला खतपाणी घातल्याचा आरोप होतो, तो मला अन्यायाचा वाटतो.

मार्लट २०११ साली वारले. त्यांच्याविषयी वाचताना मला ती संध्याकाळ राहून राहून आठवते. का प्यालात, असे आम्ही मामांना अनेकदा विचारले. त्या दिवशी ते कुठे होते, कुणाशी काय बोलणे झाले होते, हे मात्र आमच्यापैकी एकानेही विचारले नाही.