हळदीच्या यादीतले मराठी मथळे

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत पेढीसाठी मी सी-शार्प या प्रोग्रामिंगच्या भाषेत क्लायंट ॲप, म्हणजे सर्व्हरवरचा डेटा वापरणारं ॲप, लिहीत होतो. सौद्यांच्या नोंदी शेअरपॉइंटच्या (मायक्रोसॉफ्टची, याद्या आणि फाइली एकत्र ठेवायची सोय) यादीत होत्या, अकरा हजारांच्या वर. ॲपने त्या ओढायच्या आणि शेतकऱ्याची पट्टी छापायची. पहिलीच पट्टी काढली तर वजनाच्या रकान्यात 14,200! तो क्विंटलचा दर होता.

काय हवं ते 'लोड'ने सांगून 'एक्झिक्यूटक्वेरी'ने मागणी धाडल्याशिवाय सर्व्हरकडून काहीच येत नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण इथे डेटा येत होता, फक्त चुकीचा. मग यादीतल्या सगळ्या रकान्यांची दोन्ही नावं छापून पाहिली, दिसणारं (मथळा) आणि आतलं, जे प्रोग्राम वापरतो. मथळा देवनागरीत दिला की शेअरपॉइंट आतल्या नावात प्रत्येक अक्षरचिन्हाचा युनिकोड क्रमांक घालतं. 'ह' चं होतं _x0939_. म्हणजे एका चिन्हाला सात जागा, आणि आतलं नाव 32 जागांवर तोडलं जातं. 'हळदीचा दर' आणि 'हळदीचे वजन' यांतले ह, ळ, द आणि वेलांटी एवढ्यातच 28 जागा संपल्या. दोन्ही नावं सारखीच तुटली, नंतरच्याला शेपटीला आकडा लागला. मी वजनासाठी बिनआकड्याचं नाव घेतलं होतं.

यादी दिवाणजींनी स्वतः बनवलेली. ते म्हणाले, "मथळे मराठीच राहू द्या हं. माझी पोरं त्यावरच नोंदी करतात."

"दिवाणजी, तुमच्या मथळ्यांना हात लावणार नाही," मी म्हटलं आणि ते मला मनापासून पाळायचं होतं.

आतलं नाव नंतर बदलता येत नाही. म्हणून नवे रकाने आधी साध्या रोमन नावाने बनवले, मग त्यांचा मथळा मराठी केला. आतलं नाव तेच राहतं. जुन्यांच्या मथळ्याला आधी 'जुना' जोडून घेतलं. मग नोंदी हलवायच्या. एका क्वेरीला (मागणीला) 5,000 नोंदींची मर्यादा, म्हणून रो-लिमिट, म्हणजे एका पानावरच्या नोंदी, 500 ठेवून पानामागून पान घेतलं. दर पानाला मागची पोझिशन, म्हणजे कुठवर आलो ती खूण, पुढच्या क्वेरीत द्यायची, ती रिकामी (null) आली की यादी संपली.

साधा अपडेट वापरला असता तर प्रत्येक नोंदीवर बदल करणारा म्हणून माझं नाव आणि आजची तारीख चढली असती. वर्षभर कुणी काय लिहिलं ते त्या नावांवरूनच तर शोधतात. म्हणून सिस्टमअपडेट वापरलं. त्यात नाव आणि तारीख जुनीच राहते.

तारखेनुसार शोधायला तारखेच्या रकान्यावर इंडेक्स (शोध सोपा करणारी सूची) लावला. नोंदी 20,000 च्या आत होत्या म्हणून तो लागला.

संध्याकाळी दिवाणजी वही घेऊन बसले. मी लॉट नंबर वाचायचा, त्यांनी वजनावर बोट ठेवून "हं" म्हणायचं, असे चाळीस लॉट. एकही चुकला नाही. जुने रकाने मी पुसले नाहीत, फक्त व्ह्यूमधून, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या मांडणीतून, काढलेत. मार्चचा हिशेब तपासून झाला की पुसेन.