तिसरा रकाना

कामात मन लागत नसेल तर 'आवड शोधा' हा सल्ला हमखास मिळतो. माझ्या मते तो उलट्या टोकाने सुरू होतो. आपलं काम शेवटी कोणाच्या हाती पडतं, हे दिसेनासं झालं की माणूस पाट्या टाकू लागतो.

मानसशास्त्रज्ञ अ‍ॅडम ग्रँट यांनी २००७ साली विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांवर प्रयोग केला. त्या पैशातून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याला काही जण पाचेक मिनिटं भेटले. महिन्याभराने त्यांचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी आणि जमलेली रक्कम १७१ टक्क्यांनी वाढली होती. ज्यांनी नुसतं पत्र वाचलं, त्यांच्यात असा फरक पडला नाही.

म्हणून आधी वही. पाच दिवस, तीन रकाने: काय केलं, किती वेळ लागला, आणि ते चुकलं असतं तर सगळ्यात आधी कोण अडलं असतं. तिसऱ्या रकान्यात माणूसच हवा. 'विभाग' किंवा 'ग्राहक' लिहिलं की सगळं मुसळ केरात. नोंद काम संपताच करा. आठवड्याच्या शेवटी आठवून लिहिलं तर बैठका आणि भांडणं तेवढी उरतात, आणि ज्यावर दुसऱ्याचं काम अडतं अशी दहा-दहा मिनिटांची कामं गळतात.

तिसरा रकाना रिकामा राहिला तर ते काम कोणाला लागतं का, हे विचारा. न विचारता बंद मात्र करू नका. माणूस माहीत असेल पण कधी भेटला नसेल, तर त्याच्याशेजारी पंधरा मिनिटं बसा. तुम्ही पाठवलेल्या तक्त्यातल्या तारखा तो रोज नव्याने टाइप करत असतो, हे तिथेच कळतं.

एमी रेझनेस्की आणि जेन डटन या संशोधकांनी २००१ साली याला 'जॉब क्राफ्टिंग' म्हटलं: कामं, माणसांशी संबंध किंवा कामाकडे पाहण्याची नजर आपणच बदलणं. सुरुवात संबंधांपासून करावी. कामं बदलायला वरिष्ठांची परवानगी लागते, आणि दिवसात काहीच न बदलता नुसती नजर बदलली तर ती फार टिकत नाही.

याला एक काळी बाजूही आहे. प्राणिसंग्रहालयातल्या कर्मचाऱ्यांवरच्या २००९ च्या अभ्यासात असं दिसलं, की काम हेच जीवितकार्य मानणारे कमी पगार आणि जादा कष्टही सोसतात, आणि व्यवस्थापन त्याचा फायदा घेऊ शकतं. तेव्हा वहीत चौथा रकानाही आखा: जादा तास, आणि त्यांचे पैसे मिळाले की नाही.