तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी का विकली?

इंदूरच्या राजेंद्रनगरात कुणाच्या घरी हळदीकुंकू असो की बारसं, चहाचा कप हातात येण्याआधी प्रश्न येतो. "काय हो, गाडी का विकली?" तीन वर्षं मी एकच उत्तर देतोय: "पेट्रोल शंभराच्या वर गेलंय हो." ते खोटं नाही, पण खरं कारणही नाही. आता लिहूनच टाकतो, म्हणजे पुढच्या बारशाला निदान पोहे तरी सुखानं खाता येतील.

पेट्रोलनं मला कधीच अडवलं नाही. शहरात माझी गाडी लिटरला अकरा किलोमीटर देई. शहराच्या मध्यावरच्या राजवाड्याची एक फेरी जाऊन-येऊन पंधरा किलोमीटर, म्हणजे दीडशे रुपयांचं पेट्रोल. ते मी कधी मोजलं नाही. टाकी भरली की पैसे गेले, विषय संपला. रोड टॅक्सही गाडी घेतानाच एकरकमी भरलेला. मग ती महिन्यातून एकदा काढा की दिवसातून चारदा, सरकारला तेवढंच. गाडी दारात उभी, म्हणजे फुकट. मात्र पार्किंगवाल्यानं वीस रुपयांची पावती फाडली की माझा दिवस खराब.

त्या दिवशी आईला सराफ्यात जायचं होतं. भाच्याची मुंज होती, भिक्षावळीला चांदीची वाटी हवी होती. आईचं वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले. यशवंत रोडला तिला उतरवलं आणि म्हटलं, "तू या दुकानाच्या पायरीवर बस, मी गाडी लावून आलोच." सुभाष चौकातलं मल्टिलेव्हल पार्किंग मला माहीत होतं. समोरून गेलो. आत जागा होती, दिसत होती. पण मनात आलं, दहा मिनिटांच्या कामाला पैसे कशाला द्यायचे? एखाद्या बोळात लागेल की. जवाहर मार्गावरून वळलो, नंदलालपुऱ्याकडे गेलो, परत फिरलो. पुढे ई-रिक्षा आडवी, मागे हातगाडी, बाजूनं मोटरसायकलवाला काचेवर टकटक करत, "भिया, थोडा आगे लो." तिसऱ्या फेरीत लक्षात आलं की माझ्या पुढची पांढरी गाडीही माझ्यासारखीच घिरट्या घालतेय. तिच्या पुढचीही असेल. म्हणजे ज्या गर्दीला मी शिव्या घालत होतो, तिच्यात जागा शोधणारेच किती तरी होते, आणि मी त्यांच्यातलाच.

पंचेचाळीस मिनिटं गेली. फोन आला तो दुकानदाराचा. पायरीवर ऊन आलं म्हणून आई उठली, रस्त्यापलीकडच्या सावलीकडे निघाली, स्कूटरचा धक्का लागला. मनगट मोडलं. मी पोचलो तेव्हा ती कुणीतरी दिलेल्या स्टुलावर बसली होती, पदरानं हात धरून. म्हणाली, "मिळाली का रे जागा?"

सगळ्यांना ती अजून सांगते, "बिचाऱ्याला पार्किंगच मिळेना." मी तिला कधी दुरुस्त केलेलं नाही.

बरं, धक्का मी दिला नव्हता. स्कूटरवाला भरधाव होता, फुटपाथवर दुकानं मांडलेली होती, हे सगळं खरंच आहे. पण वीस रुपये माझ्या खिशात होते, हेही खरं.

भाची लंडनला असते. तिथे 2003 पासून शहराच्या मधल्या भागात गाडी नेली की पैसे पडतात, तेव्हा दिवसाला पाच पौंड होते. सिंगापूरनं तर हे 1975 लाच सुरू केलं. पूर्वी ती हे सांगायची तेव्हा मी तावातावानं म्हणायचो, "म्हणजे श्रीमंतांनी रस्ता विकत घ्यायचा!" आता वाटतं, राजवाड्यावर असं काही असतं तर मी आईला घेऊन रिक्षानं गेलो असतो. लगेच दुसरं मन म्हणतं, गेला असतास का? की पैसे चुकवायला आणखी लांबचा बोळ शोधला असतास? आणि मधल्या भागात पैसे लावायचे तर तिथे न्यायला बस हवी की नको? एबी रोडवरचा बीआरटीएस 2013 ला आला, बससाठी वेगळी लेन मिळाली. कारवाल्यांनी तिला यथेच्छ नावं ठेवली, त्यात माझाही आवाज मोठा होता. 2025 ला हायकोर्टानं तो काढायला सांगितला. आता मी बसच्या रांगेत उभा राहून हळहळतो, आणि शेजारचा विचारतो, "अंकल, आपकी तो गाडी थी ना?"

आईला फिजिओला नेताना मात्र रिक्षाच लागते. मीटरचं नाव काढायचं नाही, जाऊन-येऊन तीनशे म्हणतो. मागच्या महिन्यात असे चार खेपांचे पैसे दिले आणि घरी येताना शोरूमपाशी रिक्षा थांबवली. आत गेलो नाही. आई म्हणाली, "बघून तरी ये." मी म्हटलं, "पुढच्या वेळी."