सिस्टर, सिंह दिसला का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. २०१९च्या जानेवारीत आम्ही नैरोबीला जाऊन आलो, तेव्हापासून हा प्रश्न मला बारशाला, तेराव्याला, बँकेच्या रांगेत, भाजी घेताना विचारला गेला आहे. मी म्हणते, झेब्रे पाहिले, पुष्कळ पाहिले. समोरच्याचा चेहरा उतरतो. ‘झेब्रे काय हो, ते असतातच.’ मग ताडोब्याला जाऊन वाघ न दिसलेल्या कुणाची तरी गोष्ट निघते आणि माझं सांगणं तिथेच राहतं. या वेळी मात्र शेवटपर्यंत ऐकून घ्या.

‘असतातच’ या शब्दाचा मला राग येतो. दक्षिण आफ्रिकेत क्वाग्गा नावाचा झेब्र्याचाच एक प्रकार होता. मान आणि पुढचं अंग पट्ट्यांचं, मागचं सपाट तपकिरी. तोही असायचाच. माणसांनी कातड्यासाठी मारला, गुरांना कुरणं मोकळी व्हावीत म्हणून मारला. शेवटची मादी १२ ऑगस्ट १८८३ रोजी ॲम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेली. नैरोबीला मी जे राष्ट्रीय उद्यान पाहिलं ते केनियातलं पहिलं, १९४६ सालचं, ११७ चौरस किलोमीटरचं. तीन बाजूंना कुंपण, दक्षिणेची बाजू तेवढी नदीपलीकडे मोकळी. पाऊस झाला की झेब्रे त्या बाजूने किटेंगेलाच्या माळावर चरायला जायचे आणि कोरड्या दिवसांत पाण्यासाठी परत यायचे. आता त्या माळावर प्लॉट पडलेत, तारेची कुंपणं आलीत. उद्यानातूनच रेल्वेचा उंच पूल गेला आहे. त्याच्या खांबांमधून झेब्रे एका ओळीत जाताना मी पाहिले, आणि त्यांच्या मागे शहरातल्या उंच इमारती. तेव्हा असतातच असं कुणी म्हणू नये.

पण मला सांगायचं आहे ते याहून वेगळं आहे, आणि ते सांगायला मी इतकी वर्षं टाळलं आहे.

आम्ही गेलो ते दादासाठी. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. चौतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होता. लहानपणी सर्कशीत पिंजऱ्यातला सिंह पाहून आला आणि म्हणाला, एकदा मोकळा बघायचा. त्याचा मुलगा नोकरीसाठी नैरोबीला गेला तेव्हा दादाने पहिलं काय विचारलं असेल, ते तुम्हाला कळलंच असेल. भाच्याच्या सुट्टीचा हिशेब असा होता की सफारीला एकच दिवस मिळत होता. सकाळी सहाला आम्ही गेटवर होतो. वर उघडणाऱ्या टपाची गाडी, दादा पुढे ड्रायव्हरच्या शेजारी, मी आणि भाचा मागे.

पहिले तीन तास झेब्रेच. दोघे दोघे उलटसुलट उभे, एकाची मान दुसऱ्याच्या पाठीवर. अशाने दोन्हीकडची राखण होते, असं ड्रायव्हर म्हणाला. स्वाहिलीत झेब्र्याला ‘पुंडा मिलिया’ म्हणतात, पट्ट्यांचं गाढव. दादा मान हलवायचा आणि पुन्हा झुडपांकडे बघायचा.

अकराच्या सुमारास रस्त्यापासून वीस-पंचवीस पावलांवर एक मादी कळपापासून वेगळी उभी दिसली. तिची वार अजून लोंबत होती. मी ‘थांबा’ म्हणाले, मराठीतच, आणि गाडी थांबली. तिच्या पायांशी गवतात काहीतरी हललं. शिंगरू. नुकतंच झालेलं, ओलं, अंगावरची पातळ पिशवी अजून पुरती निघालेली नव्हती. पट्टे काळे नव्हते, पिंगट होते. पाय आईच्या पायांएवढेच लांब, आणि त्यांचं काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. पुढचे पाय टेकले की मागचे घसरायचे. चार वेळा पडलं. पाचव्यांदा पाय फाकवून उभं राहिलं आणि तसंच थरथरत राहिलं.

कळपातली दुसरी मादी वास घ्यायला पुढे आली तशी आईने कान पाडले, दात दाखवले आणि मध्ये येऊन आडवी उभी राहिली. पुन्हा कुणी आलं, पुन्हा ती आडवी. ड्रायव्हरने सांगितलं ते भाच्याने मला मराठीत सांगितलं: प्रत्येक झेब्र्याचे पट्टे वेगळे असतात. पहिले काही दिवस आई दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नाही, म्हणजे पिलाच्या डोळ्यांत फक्त तिचेच पट्टे राहतात, नाकात तिचाच वास. मी आयुष्यात इतक्या आया पाहिल्या, पण हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन वाजला. बोलण्यातला एकच शब्द आम्हा सगळ्यांना कळला. सिंबा. हायना डॅमच्या वाटेवर दोन सिंह रस्त्याला लागून बसले होते.

भाचा म्हणाला, ‘आत्या, निघायचं ना?’

मी म्हणाले, ‘पाच मिनिटं. दूध पिऊ दे त्याला.’

मी एकतीस वर्षं प्रसूतिगृहात काढली आहेत. बाळ आईला लागल्याशिवाय मी खोलीतून हललेली नाही. एकदा हलले होते. त्याबद्दल इथे लिहिणार नाही. शिंगरू आईच्या पुढच्या पायांत तोंड घालत होतं, मग छातीला, मग पोटाला, भलतीकडेच. माणसाचं बाळ असतं तर मी हाताने धरून लावलं असतं. तिथे खाली उतरायची मनाई. मी नुसती टपातून उभी, आणि मला दुसरं काही दिसत नव्हतं. फोन पुन्हा वाजला. मी पुन्हा पाच मिनिटं म्हणाले. तिसऱ्यांदाही म्हणाले. भाचा काही बोलणार तोच पुढून दादाचा आवाज आला, ‘थांब रे. तिचं होऊ दे.’

तो आवाज मी ऐकला होता. ऐकलाच नाही असं मी पुढे कैक वर्षं स्वतःला सांगितलं, ते खोटं आहे.

बारा वाजून गेल्यावर शिंगराला सड सापडला. चीक पोटात जायला लागला तशी त्याची आखूड शेपटी हलायला लागली. मी खाली बसले आणि म्हणाले, चला.

आम्ही पोचलो तेव्हा रस्त्याकडेला दबलेलं गवत होतं आणि गाड्यांच्या चाकांच्या खुणा. समोरून येणाऱ्या गाडीतला एक लहान मुलगा दोन्ही हातांचे पंजे करून आम्हाला दाखवत गेला. मग दादा टपातून उभा राहिला तो दुपारी चारपर्यंत. प्रत्येक झुडूप बघितलं. धुळीने डोळ्यांतून पाणी येत होतं तरी बसला नाही. मला एक शब्द बोलला नाही. दोन दिवसांनी आमचं परतीचं विमान होतं.

गावी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी शेजारी जमले. सिंह दिसला का? मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, ‘दिसला की. रस्त्याला लागूनच बसला होता.’ पुढच्या वेळी दोन झाले. मग आयाळ काळपट झाली. तो हे स्वतःसाठी बोलत नव्हता. कुणी ‘का नाही दिसला’ असं विचारू नये, आणि त्याचं उत्तर माझ्यापर्यंत येऊ नये, म्हणून बोलत होता. मी शेजारी बसून ऐकत राहिले. तुम्ही मला एकटीला गाठून विचारता तेव्हा मी झेब्र्यांचं सांगायला लागते ते यामुळे. तुम्हाला वाटतं, मी विषय बदलते. बदलतेच.

आता दादाला काचबिंदू आहे. एक डोळा गेला, दुसऱ्याने समोरचं थोडं दिसतं. गीरला न्या, असं लोक सांगतात. कशासाठी न्यायचं?

गाडीत उभी होती ती मी आणि आजची मी, यांचं रोज भांडण होतं. ती म्हणते, शिंगरू पडत होतं, मी कशी निघाले असते? मी तिला म्हणते, त्याला तुझी काय गरज होती? त्याची आई होती ना. उलट आपली गाडी समोर उभी म्हणून ती सारखी मान वर करत होती, फिरून उभी राहत होती. कदाचित आपल्यामुळेच त्याला सड सापडायला उशीर झाला. यावर ती गप्प होते. मग म्हणते, दादा स्पष्ट बोलला असता तर निघालेच असते. आणि इथे मी चिडते. माझ्या नर्सिंगच्या फीसाठी शाळा सोडून जो गॅरेजमध्ये लागला, तो माणूस कधी स्वतःसाठी काही बोलला होता का?

आणि तरीही, ते शिंगरू मी अर्ध्यावर सोडून निघाले असते असं आजही खात्रीने लिहवत नाही.

गेल्या महिन्यात त्याच्या डोळ्यांत थेंब घालत होते. डोळे मिटलेलेच ठेवून त्याने विचारलं, ‘त्या शिंगराचे पट्टे आता काळे झाले असतील ना गं?’ झाले असतील, म्हणाले. सिंहाचं त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही. हे लिहिलेलं त्याला अजून वाचून दाखवलेलं नाही. तोवर तुम्ही त्याला विचारलंत तर तो दिसला म्हणेल, आणि तुम्ही बरं म्हणा. मला विचारलंत तर मी यापुढे नाही म्हणेन.